पेशंटचं स्टूल

चहा ओतला की आमच्या वसईच्या दवाखान्यातले किस्से सुरू होतात आणि मग थांबायचं नाव घेत नाहीत. एक संपतोय तोवर दुसरा पुढे येऊन बसतो! स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मनाच्या आजारांचे डॉक्टर कर्णिक दर शनिवारी मुंबईहून यायचे आणि आम्ही तिघं शिकाऊ त्यांच्यापुढे केस मांडायचो: मी, सामंत आणि नंदाखाल गावची फिलोमिना. पेशंटला काय होतंय, का होतंय आणि आत्ताच का होतंय! मांडून झालं की खरी परीक्षा. पेशंटच्या स्टुलावर बसायचं आणि पेशंट होऊन उत्तरं द्यायची.

सामंत म्हणजे पुस्तकी किडा. सांडोरच्या एका केळीवाल्याची केस त्याने तासभर मांडली. बापाचा धाक, बालपणीची भीती, दबलेला राग... काही म्हणून सोडलं नाही.

"छातीत धडधड केव्हापासून होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते विचारायचं राहिलं, सर."

"अरे, मग त्याच्या बालपणापर्यंत पोचलास कुठल्या वाटेने?"

फिलोमिनाची दुसरीच तऱ्हा. स्टुलावर बसली की अंगात आल्यासारखी पेशंट व्हायची. एकदा इतकी रडली, की डॉक्टरांनी चक्क औषध लिहून दिलं! पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, "काय म्हणते पेशंट?"

"तिचं माहीत नाही सर, मला झोप मस्त लागली!"

माझे किस्से ती दोघं सांगतील, मी कशाला सांगू?

पण अर्नाळ्याच्या जानकीचा सांगायलाच हवा. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. तरी ही रोज त्याचं ताट वाढायची. दीर तिला घेऊन आला. "वेडी झालीय, ठाण्याला धाडा," एवढंच त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी सही केली की तिची रवानगी थेट वेड्यांच्या इस्पितळात!

केस सामंतची. तो स्टुलावर बसला.

"नवरा आता येणार नाही, हे कळतं तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

सामंत वही चाळायला लागला! तेवढ्यात व्हरांड्यात बसलेली जानकी तरातरा आत आली. "उठ रं बाबा," म्हणत तिने त्याला उठवलं आणि स्वतः बसली.

"मना कलतं, त्यो नाय येनार. पन त्याचा ताट वाढला नाय, त म्हातारी सासू जेवत नाय."

फिलोमिनाने डोळे पुसले. सहीसाठी उघडलेलं पेन डॉक्टरांच्या हातातच राहिलं.

"आणि मग ते वाढलेलं ताट जेवतं कोण?"

जानकीने दारात उभ्या दिराकडे बोट केलं.

"ह्यो!"