सुलामावशीची भाकर अन् ट्यूब

सुलामावशी माझी कोणी लागत नाय. पण नववीत शाळा सोडली तवा घरचे मारायला उठले, अन् हिनं मला सायखेड्यातल्या तिच्या टोळीत घेतलं. द्राक्षाच्या बागेत कामाला. म्हणून तिला कोणी काय बोललं की मी भांडते.

टोळीत आम्ही दहा जणी अन् मावशी. दुपारी बांधावर ती स्वतःच्या भाकरी मोडून सगळ्यांना वाटायची. आमच्या घरच्या भाकरी पिशवीतच राहायच्या. यंदा घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम निघालं अन् तिच्या हाताला खाज सुटली. कातडी लाल, नुसत्या भेगा. टोळीतली मालनबाई म्हणली, "गजकर्ण हाय. आपल्याला पण लागंल."

त्या दिवशी माझ्याशिवाय भाकर कोणी घेतली नाय. मावशी हसली, पण दुसऱ्या दिवसापासून बांधाच्या पार टोकाला बसायला लागली. तिच्यासंगं खायला मी एकटीच.

मला ते बघवेना. तिला गाडीवर घातली अन् नाशिकला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेली.

"हा एक्झिमा आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही," बाई म्हणल्या. त्यांनी स्टिरॉइडच्या मलमाची ट्यूब लिहून दिली. "पातळ लावायचं, दोन आठवडे, मग मला दाखवायचं. कामात हातमोजे घाला. तोंडाला लावायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"द्यायचं नाय कसं?" मावशी म्हणली.

"हिला एक बोर दिलं तरी अकरा तुकडे करील," मी बाईंना सांगितलं. ट्यूब मीच ठेवून घेतली.

दहा दिवसांत भेगा भरल्या. मावशी येईल त्याला हात दाखवत फिरायची. ते बघून मालनबाई दुपारी टोकाला आली.

"सुले, ती ट्यूब दे थोडी. गालावर वांग आलाय."

मावशी जन्मात कुणाला नाय म्हणलेली नव्हती. मी पिशवीतल्या ट्यूबवर हात ठेवला.

"ट्यूब नाय," मावशी म्हणली. "तोंडाची कातडी खराब व्हईल. डॉक्टरला दाखव. भाकर घे."

मालनबाई हाताकडं बघत राहिली. "खरंच लागत नाय ना?"

मी तोंड उघडणार, तर मावशीनं माझा गुडघा दाबला. "ही पोरगी रोज खाती. हिला काय झालंय? तोंड तर पहिल्यापासूनच चालतंय."

मालनबाईनं तुकडा घेतला, चावला. "मीठ कमी हाय."

"मग सगळ्यांना बोलव. चटणी हाय."

सांजच्याला दहा जणींच्या पिशवीत राहिलेल्या भाकरी घरी म्हशींनी खाल्ल्या.