विहीणबाईंच्या गावातलं बाळंतपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अमेरिकेत आमच्या पार्सिपनीत, हे मी गृहीतच धरलं होतं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. डिंकाचे लाडू कोण करणार यावरून मैत्रिणींची भांडणंही होऊन गेली होती. आणि लेक फोनवर म्हणते, "आई, आय ॲम हॅविंग द बेबी हिअर." हिअर म्हणजे नॉर्वेत, नवऱ्याच्या गावी! "डोंबलाचं हिअर!" म्हटलं आणि ऑक्टोबरात तिला आणायलाच निघाले.

गाव कसलं, नदीकाठची मूठभर लाल घरं, एक दुकान, एक चर्च आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. डोंगर इतके उंच की नोव्हेंबरात गेलेलं ऊन फेब्रुवारीतच खोऱ्यात उतरतं. बाळ यायचं जानेवारीत. हॉस्पिटल घाटापलीकडे दोन तासांवर, आणि बर्फ पडला की घाट बंद.

विहीणबाई विधवा, एकट्या मेंढ्या सांभाळणाऱ्या आणि अगदी घुम्या. मी दहा वाक्यं बोलावीत, तेव्हा त्या "या, या" करणार, म्हणजे त्यांच्या भाषेत "हो, हो". चौथ्या दिवशी त्यांनी मला नदीवर फिरायला नेलं. बाकावर बसल्याबसल्या मी एका दमात सांगून टाकलं, "मी लेकीला घेऊन जातेय. इथे माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही."

त्यांनी थर्मासातली कॉफी ओतून माझ्या हातात दिली. मग तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या वेळी मी घाटातच अडकले होते. मुलगा गाडीत झाला. म्हणून हॉस्पिटलसमोर फ्लॅट भाड्याने घेतलाय, ख्रिसमसपासून. एक खोली मुलांची, एक तुमची."

"आणि तुम्ही?"

"मेंढ्या आहेत ना. घाट उघडला की येईन बाळ बघायला." थर्मासाचं झाकण लावत म्हणाल्या, "तेव्हा गाडीत मला फक्त माझी आई हवी होती."

अगं बाई! मी हिच्या दारातून नातवंड उचलून न्यायला आले होते, आणि ही ते आपणहून आधी माझ्या मांडीवर देत होती. मला रडूच कोसळलं. त्या बिचाऱ्या गडबडून गेल्या, खिशात रुमाल शोधायला लागल्या.

"मेंढ्या शेजाऱ्यांकडे सोपवा," मी नाक पुसत दरडावलं. "ती खोली माझी ना? मग तिथे दोन आज्या झोपतील."