कुलूपकाकू

आमच्या काकूला तिच्या ऑफिसात सगळे कुलूपकाकू म्हणायचे. हे नाव ठेवलं तिच्या साहेबांनी, आणि ठेवताना खो खो हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, म्हणून हे लिहायला बसलेय.

साहेब कर-सल्लागार. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. आतल्या खोलीत साहेब आणि गारवा, बाहेरच्या खोलीत काकू, तिचा कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर. त्याच्या झाकणावर पंचिंग मशीन ठेवल्याशिवाय कागद सरळ उमटत नसे. लोकांचे हिशेब, करार, दुकानं विकायचे कागद, सगळं काकूच्या हातून ज्याचं त्याला जायचं. पद्धत ठरलेली. प्रत्येक क्लायंटचं वेगळं फोल्डर, फाइलला पासवर्ड, आणि तो पासवर्ड फोन करून, तोंडी. मेसेजमध्ये कधीच नाही.

"कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून पाठवायची, तर कुलूप लावायचं कशाला?" असं ती विचारायची. घरी सहलीचे फोटो मागितले तरी तेच. काका म्हणायचे, "हिच्याकडे चहा मागायचा तरी आधी ओळख पटवावी लागते."

साहेबांना हे सगळे चोचले वाटत. ते गाडीत बसल्या बसल्या अंगठ्याने कुणालाही काहीही पाठवून मोकळे व्हायचे. काकूने कटकट केली की म्हणायचे, "अहो, आपण काय लष्कराची गुपितं सांभाळतोय?"

लष्कराची नव्हती. बेकरीवालीची होती.

ही बाई एकटीने बेकरी चालवायची. भट्टीपुढे उभं राहून राहून गुडघे गेले, तेव्हा तिने ती विकायला काढली. म्हातारपणाला तेवढाच आधार. एक मोठा दुकानदार घ्यायला तयार झाला. साहेबांनी त्याला दाखवायला हिशेब तयार केले, आणि बाईसाठी एक वेगळं पत्र केलं: किती मागायचं, आणि काही झालं तरी कुठल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही. तो खालचा आकडा माहीत होता बाईला, साहेबांना आणि काकूला. बास.

काकूने पत्राला कुलूप लावलं. पण साहेबांना दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा! त्यांनी स्वतःपुरती एक बिनकुलपाची प्रत गुपचूप त्याच फोल्डरात ठेवून दिली. मग एक दिवस काकू काकांना डोळे तपासायला घेऊन गेली, आणि नेमके त्याच दिवशी दुकानदाराने हिशेब मागितले. एक फाइल पाठवायची होती. साहेबांनी अख्ख्या फोल्डरची लिंक पाठवली.

दुकानदार बेकरीत गेला आणि घासाघीस न करता थेट तो खालचा आकडा बोलला. तिथून तो तसूभर हलेना. बाई काही दुधखुळी नव्हती. ती गुडघे सांभाळत ऑफिसचा जिना चढली आणि सगळ्यांदेखत काकूला म्हणाली, "किती घेतलेत त्याच्याकडून?"

आमच्या काकूला! जी मला माझे स्वतःचे फोटो सुखासुखी देत नाही, तिला!

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई आल्या पावली निघून गेली होती, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. फोल्डर कुणी कुणाला दिलं, कुणी उघडलं, याची नोंद कॉम्प्युटर आपली आपण ठेवतो. काकूने ती काढली आणि पडदा साहेबांकडे फिरवला. साहेबांनी बघितलं, घसा खाकरला.

"बाईंना सांगा, सिस्टीममध्ये बिघाड झाला होता."

"आणि माझ्यावरचा आळ?"

"तो काय, आज आहे, उद्या विसरतील."

म्हणजे करून सवरून हा नामानिराळा, आणि खापर फुटायचं काकूच्या डोक्यावर. निर्लज्जपणाला काही सीमा?

काकूने तिथेच, त्यांच्यासमोर, स्पीकरवर फोन लावला. "बाई, तुमचं पत्र दुकानदाराला गेलंय. साहेबांच्या फोनवरून. अजून सही केली नसेल तर करू नका."

पलीकडे भट्टीचा घरघराट बंद झाला. मग बाई म्हणाली, "उद्या करणार होते. आणि तुम्हाला मी काय काय बोलले..."

"ते नंतर बघू. आधी त्याला नाही म्हणा."

फोन ठेवल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. पत्र पाठवतो."

दुसऱ्या दिवशी काकू घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. फोन वाजला. बेकरीवाली होती.

"अहो, तुम्हाला कामावरून काढलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पत्र आलंय ना मला. तुमच्या नावाचं. खालच्या शिंप्यालाही आलंय म्हणे. साहेबांनी सगळ्यांनाच पाठवलेलं दिसतंय."

काकूला ते अजून आलंच नव्हतं. ती म्हणाली, "वाचा."

बाई अडखळत वाचू लागली. "क्लायंटच्या कागदपत्रांची गोपनीयता न राखल्यामुळे आपणास..."

मी काकूकडे बघत होते. तिने ओला हात पदराला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पासवर्ड होता का?"

"नाही हो. बोट लावलं, उघडलं."

"इतकी वर्षं शिकवलं मेल्याला," काकू म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.