दोन बालाजींच्या दोन भाग्यश्री

आधीच सांगून टाकतो, मंडळी — माझ्या गोष्टीत पिंपळ नाही, अमावस्या नाही, पांढरी साडी नाही... आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेलेलं कोणीच नाही! भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सांगणाऱ्याची टोपी उडवणारा मी माणूस. आजही उडवतो. ही एक गोष्ट तेवढी मला उडवून लावता येत नाही.

मी नांदेडचा, लातूरचा जावई. भूकंपानंतर जन्मलेली पोरं अकरावीला आली आणि लातुरात क्लासेसचा पूर आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. खाली सलीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर माझे कॉम्प्युटर, धंदा दोघांचा भागीत. समोरच्या भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे एवढाले फोटो.

एका क्लासच्या सरांनी आम्हाला काम दिलं. प्रवेशाचे फॉर्म नांदेड, उदगीर, निलंगा अशा केंद्रांवर भरले जायचे आणि प्रत्येक केंद्राचा कारकून आपल्या मर्जीनं एक्सेलची फाईल करायचा. त्या सगळ्या फायली साफ करून एका डेटाबेसमध्ये घालायच्या — विद्यार्थ्यांचं टेबल वेगळं, गावांचं वेगळं, केंद्रांचं वेगळं — आणि त्यावरून होस्टेलच्या जागा वाटायच्या. काय एकेक फायली होत्या! मोबाईल नंबरांचं एक्सेलनं दशांशात लोणचं घातलेलं. तालुक्याच्या रकान्यात निलंगा, निळंगा, नीलंगा... एका महाशयांनी तर नुसतं 'गावाकडे'. जन्मतारीख बघावी तर निम्म्या मराठवाड्याची एक जून! शाळेत नाव घालताना बाप डोकं खाजवायचा आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे.

त्यात आमच्या लोकांची हुशारी — एकाच पोराचा फॉर्म दोन केंद्रांवर भरायचा. इथं नाही तर तिथं नंबर लागेल! म्हणून सरांनी बजावलं होतं, "डबल नावं एक करा. एका पोराला एकच जागा. संध्याकाळी यादी लावायची आहे."

मी नियम लिहिला. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल — सगळं जुळलं की पोर एकच. एक नोंद ठेवायची, दुसरी उडवायची. बिनतोड नियम. आजही त्याच्या बाजूनं मी कुणाशीही भांडेन.

भरदुपार होती. लाईट गेलेली. यूपीएस टेबलाखाली कुईं कुईं करत होता, म्हणून मी घाईनं कमांड लिहिली आणि एंटरवर बोट नेलं...

"तम्मा, जरा पाणी दे."

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या अंगाला, धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. दारात एक म्हातारी उभी. हनुवटीवर गोंदण, एका कानात सोन्याचं फूल, दुसऱ्यात नुसता दोरा. तिच्यामागं सलीमभाई धापा टाकत आले. "मास्तर, तुमचाच पत्ता विचारून राहिल्या ह्या. हात धरून आणलं वर."

म्हातारी खुर्चीवर बसली. पाणी प्याली. मग स्क्रीनकडं बघत म्हणाली, "आमच्या भाग्यश्री दोन हायत. एक करू नगंस."

"कोणत्या भाग्यश्री, आजी?"

"बालाजीच्या."

"कोणत्या बालाजीच्या?"

"दोन्ही बालाजीच्या!" ती माझ्यावर खेकसली. "शिकलेला दिसतोस की."

सलीमभाई तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. मी विचारलं, "पण मी दोघींची एक करतोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मग काय करून राहिलास?"

मी पुन्हा स्क्रीनकडं वळून कमांड वाचायला लागलो. तेवढ्यात यूपीएसनं मान टाकली, स्क्रीन काळी झाली आणि कमांड तशीच राहिली. म्हातारी उठली, जिन्याला शिव्या घालत सलीमभाईंच्या खांद्याला धरून उतरली. त्यांनी तिला ऑटोत बसवलं. तिचा हात गरम होता, घामेजलेला होता, हे ते आजही सांगतात.

लाईट आली. मी भाग्यश्री शोधली. भाग्यश्री बालाजी बिराजदार, एक नोंद निलंग्याच्या फाईलमध्ये, एक उदगीरच्या. गाव तेच, एक जून तीच, मोबाईलही तोच! उदगीरवाल्यानं मार्कांचा रकाना कोरा सोडलेला. मी म्हटलं, पोर एकच आहे, म्हातारी वशिला लावायला आली. तरी त्या मोबाईलवर फोन लावला. उचलला गावातल्या किराणा दुकानदारानं.

"भाग्यश्री बिराजदारशी बोलायचंय."

"कोणती? आमच्यात दोन हायत. अन् दोघींचे बाप बालाजीच. रेंज माझ्याच गच्चीवर येती, म्हणून समद्यांनी माझाच नंबर दिलाय."

मी दोन्ही नोंदी ठेवल्या, उदगीरहून राहिलेले मार्क मागवून घेतले. सरांना हे कारण सांगितलं, यादी वेळेवर लागली, दोघींना जागा मिळाल्या.

पोरींना सोडायला दोन्ही बालाजी आले तेव्हा वर माझ्याकडं चहाला आले. भूकंपानंतर अख्खं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नव्या घरांचा नंबर लागला त्याच आठवड्यात या दोघींचा जन्म झाला, म्हणून दोघींचं नाव भाग्यश्री. उदगीरला फॉर्म भरलेल्या पोरीचा बाप हळूच म्हणाला, "सर, यंदा नंबर लागला नसता तर स्थळ बघायचं ठरलं होतं. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती."

मी ऐटीत म्हणालो, "तुमच्या गावच्या आजींनी येऊन सांगितलं म्हणून निभावलं," आणि म्हातारीचं वर्णन केलं.

चहा दोघांच्या हातात राहिला.

"ही तर काशव्वा. सुईण. दोघींची बाळंतपणं तिनंच केली."

"मग तिला माझा नमस्कार सांगा."

"सर... कमरेचं हाड मोडल्यापासून ती खाटंवरून उठत न्हाई. वर्षं झाली. दारापस्तोर येत न्हाई, लातूरला कशी येईल?"

आता मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. सलीमभाईंना घेऊन, एसटी बदलत थेट गाव गाठलं. खाटेवर काशव्वा. सलीमभाई उंबऱ्यातच थबकले. "हीच," म्हणाले, आणि आत आलेच नाहीत.

मी जवळ जाऊन वाकलो. "ओळखलंत का?"

"न्हाई बा. कोण तू?"

"लातूरचा. कॉम्प्युटरवाला."

"लातूर म्या जन्मात बघितलं न्हाई." आवाज तोच! खेकसणंही तेच!

मी सुनेला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. जुळी बहीण? नाही. दिसायला तशी दुसरी कुणी? नाही. त्या दिवशी ती कुठं गेली होती? सून हसली. "मी सोडून कोण उचलणार तिला?"

निघायला उठलो तेव्हा काशव्वानं सुनेला हाक मारली. "बिराजदारांच्या पोरी कुठं हायत गं?"

"लातूरला, होस्टेलात."

"दोघी?"

"हाव, दोघी."

म्हातारीनं एवढा मोठा श्वास सोडला की खाट करकरली. मग भिंतीकडं तोंड करून तिनं डोळे मिटले.