आप्पांच्या होडीचा रोलर

हार्डवेअरच्या दुकानात खिळे किलोवर जातात, किस्से मात्र फुकट जमतात. शिरूरमध्ये इतकी वर्षं काउंटरवर बसलोय. नट-बोल्ट घ्यायला आलेला माणूस जाताना एखादी गोष्ट ठेवूनच जातो. आप्पांच्या होडीनं तर एकटीनंच किश्श्यांचं एक खोकं भरलं!

आप्पा इनामगावच्या अंगाला घोड नदीत मासे धरतात. फायबरची छोटी होडी. लंगर ओढून ओढून त्यांची कंबर धरली. त्यांच्या घरच्या काकूंनी निकाल दिला, "रविवारी माझ्यासमोर एक फेरी मारा. कंबरेला हात गेला, की होडी राहू गावच्या पाव्हण्याला इकली!" पाव्हणा टेम्पो घेऊन यायला तयारच होता.

आप्पा दुकानात आले. "शेठ, होडीच्या नाकावर बसवायचा रोलर द्या. दोर त्याच्यावरनं सरकंल, कंबर वाचंल."

असली वस्तू आमच्या बाजारात कुणी पाहिलेली नाही. पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हा माझा नियम. गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "होडी किती फुटी?" आणि विहिरीची कप्पी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी आप्पा हजर. लंगराचा आकडा कप्पीत असा अडकला होता, की दोन्ही वस्तू जोडीनं काउंटरवर! म्हणाले, "शेठ, ह्याच्यावर बादली येती. लंगर येत न्हाई."

*

मग मी कारेगावच्या संदीपला बोलावलं. कंपनीत मेंटेनन्सला आहे. पट्ट्यावर खोकी सरकवणारा एक जुना रोलर त्यानं भंगारवाल्याकडून आणला. बोटानं ढकलला तरी गरगर फिरायचा.

संदीपनं वही काढली. "आप्पा, लोड किती?"

"एक लंगर, दोर, आन् नशिबात असली तर मासळी."

"किलोमध्ये सांगा."

"मासळीला इचारून सांगतो!"

*

शनिवारी नदीवर फिटिंग. संदीप हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज घालून गुडघाभर पाण्यात उतरला. काकूंनी विचारलं, "पव्हता येतं का रं?"

"नाही काकू. पण हेल्मेट आयएसआय आहे!"

त्यानं बॅटरीचं ड्रिल टेकवलं, की होडी मागं सरकायची. मी एक बाजू धरली, आप्पांनी दुसरी. आता होडी आम्हा दोघांना घेऊन सरकायला लागली! अर्धा तास आमची नदीत वरात चालली. शेवटी काकू म्हणाल्या, "काठावर ओढून घ्या की!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलंच नाही. गुपचूप ओढून घेतली.

*

रविवारी चाचणी. आप्पांच्या मेव्हण्याचा झेंडूचा मळा. नवीन वस्तू म्हणून त्यानं रोलरला हातभर जाड हार घातला, नारळ फोडला. आप्पांनी दोर ओढून बघितला मात्र, हार गुंडाळून रोलर घट्ट! पंधरा मिनिटं आम्ही बेअरिंगमधून झेंडू वेचत बसलो.

आप्पा संदीपवर डाफरले, "तुमच्या कंपनीत मशिनीला हार घालत न्हाईत व्हय?"

"घालतो की, दसऱ्याला. पण तवा मशीन बंद असती!"

*

आता खरी फेरी. होडीत आप्पा, संदीप आणि मी. काठावर काकू, आणि टेम्पोला टेकून राहूचा पाव्हणा. आप्पांचा चेहरा दहावीच्या निकालाची वाट बघत असल्यासारखा.

मधोमध गेल्यावर आप्पांनी लंगर सोडला. काय सांगू! लोण्यावरून गेल्यासारखा दोर सरसर सुटला. आवाज नाही, अडकणं नाही. संदीप ओरडला, "बघा, आप्पा! झीरो फ्रिक्शन!" आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच दोराचं शेपूट रोलरवरून टुणकन उडालं आणि पाण्यात दिसेनासं झालं.

आप्पांनी हळूच विचारलं, "दोर ज्याला बांधत होतो, ते कडं कुठंय?"

"रोलरच्या जागेत येत होतं, म्हणून काल काढलं," संदीप म्हणाला आणि खिशातून कडं काढून दाखवलं. "सेफ ठेवलंय!"

वारा सुटला. होडी पलीकडच्या काठाकडं निघाली. काकू पाण्यात दोन पावलं आल्या आणि हाताचा भोंगा करून ओरडल्या, "अवो, कंबर कशी हाय?"

आप्पांनी दोन्ही हात वर केले. "एकदम फ्रेश! जरा बी हात लावला न्हाई!"

काकूंनी वळून पाव्हण्याला सांगितलं, "जावा तुम्ही. होडी इकायची न्हाई."