करंड्यातला दात

मी पदवीधर झालो तो बदलापूरच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंमुळे. आमच्या घरात आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाईंनी मला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. नव्वदच्या दशकात मी परगावच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासू लागलो, तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे काही मागितलं.

त्यांचा धाकटा भाऊ उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचा. एके दिवशी तो घरी परतलाच नाही. पुढे बारवीच्या जंगलात हाडं सापडली. पोलीस म्हणाले, त्याचीच. आजी, म्हणजे बाईंच्या आई, मानेनात. ती हाडं तू तपास, असं बाई म्हणाल्या.

तेव्हाच्या पद्धतीला डीएनए भरपूर आणि धड लागायचा. या हाडांतला पार तुटलेला. कित्येक दिवस ठेवलेली एक्स-रे फिल्म धुतली, तर जुळवून पाहायच्या पट्ट्यांच्या जागी नुसता धुरकट डाग. काहीच ठरलं नाही. नातेवाइकांनी हाडांना अग्नी दिला. आजींनी एक दात मात्र ठेवून घेतला.

सुटीत बाईंच्या घरी गेलो तेव्हा तो देवापुढच्या करंड्यात होता. दिवा लावताना आजी रोज त्यावरून बोट फिरवायच्या.

"माझ्या पोराचा नव्हे हा," त्या म्हणाल्या. "पण कुणाचा तरी आहेच ना? त्याची आई येईल न्यायला."

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "तू तरी सोडव रे आम्हाला. राखी आली की आई अजून मला बाजारात पिटाळते."

काही वर्षांनी नवी पद्धत आली. कणभर डीएनए घ्यायचा आणि यंत्रात त्याच्या प्रती काढत जायच्या. पोलिसांमार्फत तो दात आणि आजींचं रक्त आलं. दात वरवर पुसून तपासला, तर हुबेहूब आजीच निघाल्या!

प्रयोगशाळेतले साहेब हसले. "काय राव, म्हातारीचाच दात उपटून आणला की काय?"

मग ते रोजचं बोट आठवलं. नव्या पद्धतीने आजींचा स्पर्शच पकडला होता. दात बाहेरून खरवडला, फोडला, आतली पूड घेतली. यंत्र चालू असताना मी उगाच उठून त्याच्याकडे जात होतो.

अहवाल पोलिसांकडे गेल्यावर बाईंना लिहिलं:

"आदरणीय बाई,

दाताच्या आतल्या प्रत्येक खुणेचा एक भाग आजींचा आहे, दुसरा त्यांचा नाही. मुलाचं असंच असतं, अर्धं आईचं, अर्धं बापाचं. तो तुमचा भाऊच. आजींना तुम्हीच सांगा, मला जमणार नाही. उरलेला दात आता पोलीस ठाण्यात येईल. तो न्यायला त्याच्या आईने यावं. मी सोबत येतो.

तुमचा विद्यार्थी"