शांतताबाईंनी मोडलेला शब्द

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना अख्खी शाळा शांतताबाई म्हणे. का म्हणे, ते सांगायला नको! दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या नववीला कादंबरी वाचून दाखवत, तीही त्याच वयाच्या पोरांची. पुढचं कुणी वाचू नये म्हणून पुस्तक कपाटात कुलूपबंद. तास संपताना ज्याने त्याने मनातलं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नावाशिवाय. "अक्षर ओळखायला जाणार नाही," हा बाईंचा शब्द.

त्या शुक्रवारी गोष्टीतली मुलगी वर्गाच्या छळाला कंटाळली, जीव द्यायचं मनाशी ठरवून घराबाहेर पडली, आणि नेमकी घंटा वाजली.

"उरलेलं पुढच्या शुक्रवारी!" बाई सवयीने म्हणाल्या. पोरं चिडली, बाई मात्र खूश. गोष्ट रंगली होती ना!

मग डबा उघडला. 'छळणाऱ्यांना बदडा.' 'बाई, तुम्ही दुष्ट आहात.' आणि तिसरी : 'ती परत येते का? मला शुक्रवारपर्यंत थांबता येणार नाही.'

बाईंनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. दिलेला शब्द गेला चुलीत! पुस्तकं नेताना मुलं स्वतःच्या हाताने नोंद करत, ती वही त्यांनी उघडली. पानामागून पान. प्रत्येक अक्षर चिठ्ठीशी ताडून पाहिलं. सापडलं! खिडकीजवळ बसणारी एक अबोल मुलगी.

"काका, ही पोर कुठंय?" बाईंनी वहीतल्या नावावर बोट ठेवलं.

"आत्ताच फाटकाबाहेर गेली की," शिपाईकाका म्हणाले.

पुस्तक बगलेत मारून बाई धावत सुटल्या. बसथांब्यावर तिघी-चौघी खिदळत होत्या, "ए पाल, भिंतीवर चढ ना!" ती टोकाला, मान खाली घालून.

बाई धापा टाकत शेजारी टेकल्या. "ती परत येते गं."

मुलगी दचकली. "तुम्ही अक्षर ओळखलंत."

"ओळखलं. हवं तेवढं रागव. पण खरं सांग, तुलाही जीव द्यावासा वाटतो का?"

बस आली. दार उघडलं. बाईंनी तिचा हात धरून ठेवला. बस गेली.

"वाटतो," ती पुटपुटली. "रोज."

"बरं झालं बोललीस. आता तुला एकटी सोडायची नाही." बाईंनी तिथूनच तिच्या आईला फोन लावला. आई कामावरून तशीच निघाली.

"तोवर?" मुलीने विचारलं.

बाईंनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "तोवर पुढचं तूच वाच. मोठ्यानं."

तिने पान शोधलं. आवाज इतका बारीक, की खिदळण्यात बुडून गेला. बाई उभ्या राहिल्या, त्या पोरींकडे वळल्या आणि बावीस वर्षांच्या नोकरीत कधी ओरडल्या नव्हत्या तशा ओरडल्या :

"शांतता!"